मामाच्या तीस बाटल्या

माझा मामा कंपाउंडर होता. 'होता' म्हटलेलं त्याला खपत नाही. त्याच्या मते कंपाउंडर मरेपर्यंत कंपाउंडरच असतो, बंद पडतो तो दवाखाना. तर त्याचा दवाखाना तीन वर्षांपूर्वी बंद पडला. डॉक्टर थकले, त्यांनी पाटी उतरवली, आणि त्यांच्या मागच्या खोलीत अडतीस वर्षं लाल, पिवळं आणि गुलाबी मिक्स्चर ढवळणारा माझा मामा एका पिशवीत खल-बत्ता, मापाचा काचेचा ग्लास, चार ड्रॉपर आणि एक कात्री घेऊन घरी आला.

मामीने त्याला आठवडाभर सहन केलं. आठव्या दिवशी सकाळी तिला स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीवर कागदाची पट्टी चिकटवलेली दिसली. पूर्वी औषधाच्या बाटलीवर असायची तशी, कडेला खाचा पाडलेली; एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. साखरेचे बारा डोस होते, चहापत्तीचे नऊ. मामीने माझ्या आईला फोन केला. "वन्सं, तुमचा भाऊ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा तुमच्याकडे ठेवून घ्या. डबा मी देते."

आईचा फळांच्या रसाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पुढे एक खोली, मागे एक खोली आणि बाटल्या वाळवायचं अंगण. पुढच्या खोलीत किरकोळ विक्रीची खिडकी आणि माझं टेबल. मी लेबलं लिहिते, छापून आणते आणि चिकटवते. मागच्या खोलीत फळं धुणं, पिळणं, गाळणं, भरणं आणि झाकणं दाबणं. नऊ बायका काम करतात आणि नऊही जणी आईला घाबरतात. आई ओरडत नाही, फक्त बघते, आणि समोरचीच्या हातून संत्रं पडतं. अशा बाईला मामा पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत म्हणाला, "छकुली, तुझ्याकडे गाळणं फार जाड आहे." तेव्हापासून नऊ बायका मामावर जीव टाकतात.

त्याला आधी खिडकीत बसवलं. ही चूक माझी. एक माणूस अननसाचा रस मागायला आला तर मामाने विचारलं, "किती दिवसांपासून?"

"काय किती दिवसांपासून?"

"त्रास."

"त्रास काही नाही हो. तहान लागलीय."

"तहान रात्रीची जास्त लागते की दिवसाची?"

तो माणूस बिचारा पाच मिनिटं तहानेची हकीकत सांगत बसला आणि शेवटी जीभ दाखवून बाटली घेऊन गेला. बाटलीवर पट्टी होती आणि तोंडी सूचना होती: जेवणानंतर, दिवसातून तीन वेळा, बाटली हलवून. दोन दिवसांत आईने मामाला खिडकीतून उठवलं आणि मागच्या खोलीत कोपऱ्यातलं एक टेबल दिलं. तिथे बस, काही लागलं तर माग, आणि गिऱ्हाइकाशी बोलू नकोस. मामाने टेबल पुसलं, त्यावर आपला खल-बत्ता मांडला आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान आलं की मला उगाचच त्याचा राग आला.

त्याच सुमाराला पावडरचं प्रकरण सुरू झालं. रस टिकावा म्हणून आई त्यात चिमूटभर पांढरी पावडर टाकायची, सगळेच टाकतात, आणि मी ते लेबलवर बारीक अक्षरात प्रामाणिकपणे लिहायचे. कोपऱ्यावरचा दुकानदार, जो आमचा निम्मा माल उचलतो, तो एक दिवस येऊन म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक हल्ली बाटली उलटी करून वाचतं. पावडर दिसली की परत ठेवतं. काहीतरी नैसर्गिक करा ना."

नैसर्गिक या शब्दाने माझं डोकं फिरतं. विंचूही नैसर्गिकच असतो. पण दुकानदाराशी वाद घालून माल खपत नाही, म्हणून आईने पावडर बंद करून पाहिली. सातव्या दिवशी त्याच्या दुकानात अकरा झाकणं उडाली. त्यातलं एक त्याच्या चष्म्याला लागलं. रस आंबून फसफसला होता आणि दुकानदारही.

आईने रोजच्या मालात पावडर परत सुरू केली तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावरून मामा म्हणाला, "छकुली, वनस्पतीचं तेल टाक. थेंबभर. लवंग, दालचिनी, पुदिना, गवती चहा, कुठलंही. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं, जो वास मारतो तोच जंतू मारतो."

डॉक्टर असं खरंच म्हणाले होते की मामानेच ते डॉक्टरांच्या तोंडी घातलं, हे आता कळायला मार्ग नाही. पण त्यात तथ्य होतं. मी वाचून पाहिलं. झाडं ही तेलं मुळात कीड आणि बुरशी दूर ठेवायलाच तयार करतात, आणि रसातही ती जंतूंची वाढ रोखतात. आईने परवानगी दिली. मामाने हात धुतले, बाह्या दुमडल्या आणि सफरचंदाच्या रसाच्या वीस बाटल्यांत लवंगेचं तेल टाकलं. प्रत्येकी चार थेंब.

आम्ही सगळ्यांनी एकेक घोट घेतला आणि एकाच वेळी सगळ्यांचा हात गालावर गेला. लवंगेचं तेल कधी लागतं हे कुणाला माहीत नाही? झाकणं दाबणारी, जिला आम्ही झाकणवालीच म्हणतो, ती म्हणाली, "बाई, माझी दाढ भरायची राहिलीय. उद्या सुट्टी पाहिजे." दुसरीलाही आठवलं की तिची एक दाढ काढायची आहे. एका घोटात दोन सुट्ट्या गेल्या. बाटल्या मात्र दोन महिने जशाच्या तशा राहिल्या. जंतू आले नाहीत, पण माणसंही आली नाहीत.

मग निलगिरी, द्राक्षाच्या रसात. दुकानदाराने भीत भीत सहा बाटल्या ठेवल्या. चार दिवसांनी त्यातल्या चार नेलेले एक गृहस्थ आमच्या खिडकीशी पाचवी बाटली मागायला आले तेव्हा मामाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खिडकीत न यायचा हुकूम मोडून तो पुढे आला आणि म्हणाला, "आवडला?"

"फार गुण आला," ते म्हणाले. "आईच्या गुडघ्यांना चोळतोय. आता जिना उतरते."

मामाला हेही कौतुकच वाटलं. आईला नाही. पुदिन्याच्या रसाने सगळ्यांना दात घासल्यासारखं वाटलं, ओव्याच्या तेलाने तान्ह्या बाळाची आठवण झाली. मामा प्रत्येक वेळी वहीत निकाल लिहायचा, 'जंतू: शून्य. चव: सवय होईल.' रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

घडा भरला तो गवती चहाच्या तेलाने. यावेळी मामाने संत्र्याच्या रसात फक्त एक थेंब टाकला होता, आणि मी खरंच सांगते, माझ्या, नीट हलवलेल्या बाटलीला काही म्हणता काही वास नव्हता. मोठ्या आशेने आईने दुकानदाराला बोलावलं. त्याने बाटली उघडून तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि डोळे मिटून तसाच उभा राहिला. मग खोल आवाजात म्हणाला, "ताई, फरशी पुसल्यासारखं वाटतंय. तोंडातली."

तेल आणि पाणी. सगळं तेल वर तरंगत होतं आणि पहिल्या घोटात त्याच्या जिभेवर आलं होतं. मामा म्हणाला, "बाटली हलवली नाहीत तुम्ही." दुकानदार म्हणाला, "मी रस प्यायला आलो होतो, खोकल्याचं औषध नाही." आणि गेला.

त्या दिवशी सगळ्या बायका गेल्यावर आई मामाच्या टेबलाशी आली. मी लेबलं कापत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. लेबलं कापत नसते तरी ऐकलं असतं.

"दादा, आता पुरे. शेवटचं एकदा कर. तीस बाटल्या कर आणि कपाटात ठेव. तीस दिवस टिकल्या आणि तीस दिवसांनी माणसाला पिण्यासारख्या राहिल्या तर हे टेबल तुझं. नाहीतर ते मला क्रेट ठेवायला हवंय."

"आणि तू चव घेणार ना?"

"मी नाही. माझी जीभ मला धंद्यासाठी लागते. तुझ्या तेलाचा थेंब यापुढे माझ्या तोंडात जाणार नाही."

मामा हसला. आई आत गेल्यावर मात्र तो बराच वेळ ड्रॉपर पुसत बसला. मग मला म्हणाला, "घरी मला काही कमी नाही गं. मामी चांगली आहे. पण सकाळी उठल्यावर या हातांचं काय करायचं ते कळत नाही." टेबल गेलं तर मामा गेला, हे मला तेव्हा लख्ख कळलं आणि पोटात तुटलं.

पुढचे आठ दिवस तो वही चाळत बसला. नवव्या दिवशी सकाळी त्याने खलात डिंकाची पूड घेतली, त्यात तेल ओतलं आणि घोटायला लागला. मग मोजून थोडं पाणी, आणि पुन्हा घोटणं, एकाच दिशेने, मनगट न थांबवता. मी विचारलं हे काय, तर म्हणाला, "ऐक." मी कान लावला. खलातून बारीक चटचट आवाज येत होता. "तो आवाज आला की समजायचं, तेलाने पाण्याशी जमवून घेतलं. आता वर येणार नाही. मासळीचं तेल पोरांच्या गळी असंच उतरवायचो. हे मला आधी सुचायला हवं होतं. मी लेकाचा बाटली हलवा, बाटली हलवा करत बसलो." खलात दुधासारखं पांढरं काहीतरी तयार झालं होतं.

तेलंही त्याने बदलली. एकाच तेलाचा मारा करायचा नाही. संत्र्याच्या सालीचं तेल, गवती चहाचं आणि दालचिनीचं, तिन्ही इतकी कमी की एकेकटं कुणाच्या नाकाला सापडू नये. रुतलेली गाडी तीन जणांनी थोडी थोडी ढकलावी तसं, तो म्हणाला. वर बाटल्या हाताला सोसेल न सोसेल अशा गरम पाण्यात जरा वेळ ठेवायच्या. संत्र्याच्या रसाच्या तीस बाटल्या भरल्या. झाकणवालीने झाकणं दाबली. मामाने सवयीप्रमाणे प्रत्येकीवर खाचांची पट्टी चिकटवली आणि बाटल्या मागच्या खोलीतल्या उघड्या कपाटात पाच रांगांत लावल्या.

तीस दिवस मामा रोज सकाळी कपाटासमोर हात मागे बांधून उभा राहायचा. हात लावायचा नाही. लावला तर छकुली म्हणेल काहीतरी केलं. लांबूनच तीस मोजायचा, रंग बघायचा, एखादं झाकण फुगलंय का बघायचा, आणि वहीत लिहायचा: 'तीस. ठीक.' दहाव्या दिवशी ठीक. विसाव्या दिवशी ठीक. पंचविसाव्या दिवसापासून तो घरून नवा शर्ट घालून यायला लागला.

तिसाव्या दिवशी आईने दुकानदाराला बोलावलं. तो यायला तयार नव्हता. तिने फोनवर नुसतीच गप्प बसून त्याला यायला लावलं. सगळ्या बायका काम सोडून भिंतीशी उभ्या राहिल्या. एरवी ज्यांच्या तोंडाला खीळ नसते त्या नऊ जणी जमिनीकडे बघत होत्या. मामाने मधल्या रांगेतली एक बाटली काढून उघडली आणि ग्लासात ओतली. दुकानदाराने आधी वास घेतला, मग जिभेचं टोक बुडवलं, मग अख्खा ग्लास संपवला.

"छान आहे," तो म्हणाला. "ताई, तीस दिवसांची वाटतच नाही. कालची वाटते."

आईने मामाकडे पाहिलं. मामा जिंकला होता. टेबल त्याचं झालं होतं. फक्त त्याने गप्प बसायचं होतं, आणि माझा मामा अडतीस वर्षं औषधं मोजून गप्प बसायला शिकला नव्हता. त्याने बाटली हातात घेतली, फिरवली, नखाने पट्टीवरून रेघ ओढली आणि बाटलीत उरलेला घोट स्वतः प्यायला.

"कालचीच आहे," तो म्हणाला. "ही माझी नाही. पट्टी उलटी लावलीय. आणि यात तेल नाही, पावडर आहे."

त्याने दुसरी बाटली काढली. पट्टी उलटी. तिसरीची सरळ होती, पण ओली होऊन पुन्हा चिकटवल्यासारखी सुरकुतली होती. त्याने एकामागून एक तीसही बाटल्या पाहिल्या आणि त्यातली एकही त्याची नव्हती. सगळ्या उघडून, रिकाम्या करून, गरम पाण्याने धुऊन, आमचाच रोजचा रस भरून, झाकण दाबून कुणीतरी परत ठेवल्या होत्या.

"माझ्या खराब झाल्या असणार," मामा हळूच म्हणाला. "कुणाला तरी माझी दया आली. पोरींनो, भलं केलंत, पण असं करायचं नसतं." आणि तो मागे हात नेऊन एप्रनची गाठ सोडायला लागला.

तेव्हा झाकणवाली रडायलाच लागली. "दया कसली मामा, मी प्यायले. सहाव्या दिवशी. एकच घोट घेऊन बघू म्हटलं. मग राहवेना. मग दुसऱ्या दिवशी परत. तीन बाटल्या प्यायले."

आईने विचारलं, "तू एकटीने तीस भरल्यास?"

"नाही बाई. मी तीनच भरल्या."

फळं धुणारी म्हणाली, तिनेही तीन. गाळणारीने तीन, पण तिसरी तिला तितकीशी आवडली नाही. आवडणार कशी? ती झाकणवालीने भरलेली होती. चोराच्या मनात चांदणं. प्रत्येकीला वाटत होतं की चोर ती एकटीच, आणि प्रत्येकीने आपापलं पाप धुऊन, भरून, पट्टी चिकटवून जागेवर ठेवलं होतं. नऊ जणींच्या तीन-तीन, सत्तावीस झाल्या. दुकानदार बोटांवर मोजत होता.

आता माझ्याबद्दल. मी चार प्यायले. हे मी आधी सांगितलं नाही कारण आधी मला कुणी विचारलं नव्हतं. मामासाठी पोटात तुटलं होतं हेही खरं आणि बारा दिवसांत चार बाटल्या ढोसल्या हेही खरं. काय सांगू, त्या रसाला संत्र्याचाच वास होता, पण आत्ता नखाने साल फोडल्यासारखा, आणि गिळून झाल्यावर मागून काहीतरी ऊबदार यायचं, ते काय आहे हे बघायला पुढचा घोट घ्यावा लागायचा. सगळ्या उलट्या पट्ट्या माझ्या. लेबलं लावणं माझं काम असूनही.

"एकतीस," दुकानदार म्हणाला. "बाटल्या तीस होत्या ना?"

मामाने एप्रन अर्धवट सोडलेला तसाच होता. त्याला अजून नीट उमगलं नव्हतं. आयुष्यभर त्याने केलेली बाटली लोकांनी नाक दाबून प्यायली, मोरीत ओतली, डॉक्टरांना खोटं सांगितलं की संपवली. चोरून कुणी कधी प्यायलं नव्हतं. तो झाकणवालीजवळ गेला आणि म्हणाला, "म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं? आपणहून प्यायलीस?" तिने मान हलवली. त्याने हाच प्रश्न नऊही जणींना एकेक करून विचारला. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि मी म्हटलं, "आपणहून, मामा." त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते नव्या शर्टाच्या बाहीने पुसले.

पण तो मामा होता. तो आईकडे वळला आणि म्हणाला, "अट ती अट, छकुली. तीस दिवस नाही टिकल्या. एकही टिकली नाही. टेबल क्रेटला घे."

आईचे कान लाल झाले होते. मी जन्मात तिचे कान लाल झालेले पाहिले नव्हते.

"चाळीस," ती म्हणाली.

"काय चाळीस?" दुकानदाराने विचारलं.

"एकतीस नाही, चाळीस. नऊ माझ्या." दुकानदाराने मोजायला धरलेली बोटं सोडून दिली. "आणि पहिली मीच उघडली. ठेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सगळे जेवायला गेले होते तेव्हा. उगाच बघायला की कितपत वाईट आहे."

मामा मटकन खुर्चीवर बसला. आई त्याच्याजवळ गेली, त्याच्या पाठीमागे उभी राहिली आणि सुटलेली एप्रनची गाठ तिने परत बांधली, दोनदा, घट्ट.

"उद्या साठ कर," ती म्हणाली. "तीस आम्हाला प्यायला, तीस टिकतात का बघायला. कपाटाला कुलूप लावून घे."

"आणि किल्ली? तुझ्याकडे देऊ?"

"नको दादा," आई म्हणाली. "तुझ्याकडेच ठेव. माझा माझ्यावर भरवसा नाही."